काबूल एक तास मागे, काठमांडू पाव तास पुढे

सकाळी ८.००

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघते. ऑफिसात सगळे त्याला 'फॉरेनचं टेबल' म्हणतात. त्या टेबलाशी येणारे बहुतेक जण शेजारच्या देशांतले असतात. नेपाळ, अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, श्रीलंका, कधी मालदीव. जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत, माझं काम ऑफिस उघडायच्या आधी मोबाइलवरच सुरू होतं. ढाका आणि थिंफू आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, काठमांडू पाव तास पुढे, कोलंबो आपल्या घड्याळाबरोबर, माले अर्धा तास मागे आणि काबूल एक तास मागे. निरोपही साधारण त्याच क्रमानं येतात. चहा उकळेपर्यंत बांगलादेश, पोहे होईपर्यंत नेपाळ. काबूलला उजाडून लोक फोन हातात घेतात, तेव्हा मी कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला उभी असते.

प्रश्न ठरलेले. फी एकदम भरायची की हप्त्यानं? बारावीला गणित नव्हतं, चालेल का? होस्टेल मिळेल का? आज एका भूतानी वडिलांनी विचारलंय, पुण्यात लाल तांदूळ मिळतो का. मुलीला तिखट चालतं, त्याची काळजी नको, असंही पुढे लिहिलंय. ज्यांच्याकडे मिरचीचीच भाजी करतात, त्यांना आपल्या मेसच्या रश्श्याची कसली भीती!

दिल्लीतल्या परिसंवादांत या सगळ्याला 'सॉफ्ट पॉवर' म्हणतात. जोसेफ नाय या अमेरिकन अभ्यासकानं १९९० मध्ये ही संज्ञा रूढ केली. धाक न दाखवता, पैसे न चारता दुसऱ्या देशाला आपल्याकडे ओढून घेण्याची ताकद, असा तिचा ढोबळ अर्थ. उच्च शिक्षण हे तिचं लाडकं उदाहरण. शेजारच्या देशातला हुशार मुलगा आपल्याकडे शिकला, की उद्या तिकडे मंत्री होईल आणि आपली बाजू घेईल, असा हिशेब त्यामागे असतो. या टेबलावर बसून मला तो हिशेब फारसा जुळताना दिसलेला नाही. पण दुसरं काहीतरी नक्की मिळतं. काय, ते दिवसभरात येईलच.

सकाळी ९.३०

शिपाई मामांनी कपाट उघडून ठेवलंय. आत फायलींचे तीन गठ्ठे. पहिला व्हिसावाल्यांचा. या फायली जाड होतात, कारण प्रत्येक कागदाला दुसरा कागद लागतो. बारावीच्या गुणपत्रिकेला भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र, प्रवेशाला व्हिसा, व्हिसाला बोनाफाईड, बोनाफाईडला फीची पावती. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असला, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी.

दुसरा गठ्ठा नेपाळ-भूतानचा. या फायली बारीक. या दोन देशांच्या मुलांना व्हिसा लागत नाही, पोलिसांत नोंदणी लागत नाही. तिसरा गठ्ठा शिष्यवृत्तीवाल्यांचा. त्यांतल्या बहुतेकांना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेनं पाठवलेलं असतं. मौलाना आझादांनी १९५० मध्ये ही परिषद स्थापन केली. देश नुकताच प्रजासत्ताक झाला होता, निर्वासितांच्या छावण्या पुरत्या उठल्या नव्हत्या, आणि शिक्षणमंत्री बाहेरच्या मुलांना इकडे शिकायला बोलवायचा विचार करत होते. आता अर्ज परिषदेच्या पोर्टलवर येतात. पदवीच्या विद्यार्थ्याला दरमहा १८,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००, पीएच.डी.ला २२,००० आणि वर घरभाडं. पैसे उशिरा आले की मुलं आधी माझ्याकडे येतात. माझ्या हातात ईमेल करण्यापलीकडे काही नसतं, ते मी करते.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. त्यांतले २८ टक्के एकट्या नेपाळचे. मग अफगाणिस्तान ६.७ टक्के, अमेरिका ६.२, बांगलादेश ५.६. आपली मुलं लाखांनी बाहेर जातात, त्यापुढे ही संख्या किरकोळ. पण पहिल्या चारांत तीन देश शेजारचे आहेत. आपल्याकडे कोण येतं, याचं उत्तर त्यातच आहे.

सकाळी १०.३०

खिडकी उघडली. पहिला नंबर चितवनहून आलेल्या मुलाचा, बरोबर वडील. गोरखपूरपर्यंत बस, तिथून पुण्याची गाडी. टेबलावर यंदाच लागलेली मुलगी नेमाप्रमाणे म्हणाली, "पासपोर्टची झेरॉक्स द्या." मुलगा गोंधळला. वडिलांनी पिशवीतून नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र काढलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "पासपोर्ट नाही लागत ताई आम्हाला. मी कोथरूडला सोसायटीत वॉचमन होतो. मुलगा आता तुमच्या कॉलेजात."

ताई खजील झाल्या, वडील हसले. मुलाला मराठीचं अक्षर येत नाही. बापाला सोसायटीच्या चेअरमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं अजून पाठ आहेत. शिष्यवृत्ती नाही, करार नाही, कुठल्या दूतावासाची शिफारस नाही. बापानं रात्री जागून जे शहर राखलं, त्या शहरात मुलाला शिकवायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. असा पालक कुठल्याही धोरणात सापडायचा नाही, पण आमच्या नेपाळच्या गठ्ठ्यात सापडतो.

पासपोर्ट-व्हिसाविना येण्याची ही सोय १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे आहे. आता याच कराराची दुसरी बाजू. बाबुराम भट्टराय चंदीगडला वास्तुशास्त्र शिकले आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून पीएच.डी. झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांनी नेपाळ सरकारपुढे चाळीस मागण्या ठेवल्या. त्यांत अगदी वरची मागणी होती, भारताबरोबरचा १९५० चा करार रद्द करा. लगेच माओवाद्यांचं सशस्त्र युद्ध सुरू झालं. पुढे २०११ मध्ये भट्टराय पंतप्रधान झाले. आपण शिकवलेल्या माणसानं आपलीच सवलत फेकून द्यायला सांगितली.

त्यांच्याआधीचे बी. पी. कोइराला बनारस हिंदू विद्यापीठात शिकले, कलकत्त्याला कायदा शिकले, आणि भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात इथल्याच तुरुंगात गेले. १९५९ मध्ये ते नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान झाले. बनारसनं त्यांना भारतभक्ती शिकवली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्यांनी इथं चळवळ कशी करायची ते पाहिलं आणि घरी जाऊन राणांच्या राजवटीविरुद्ध तेच केलं.

मुलाचा फॉर्म मी इनवर्डला टाकला. वडिलांनी विचारलं, "जवळ कुठं कॉट बेसिसवर मिळेल का?" मी म्हटलं, "तुम्हीच शोधा. कोथरूड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

सकाळी ११.४५

अफगाण मुलगा दारात उभा राहून "उस्ताद, येऊ?" असं विचारतो. शिकवणाऱ्याला तिकडे तसंच म्हणतात. मी शिकवत नाही, हे त्याला कितीदा सांगितलं तरी त्याच्या लेखी फरक पडत नाही. त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय, आणि पासपोर्ट नाही तर व्हिसाची मुदतवाढ नाही.

अफगाण विद्यार्थ्यांची गोष्ट सांगायची तर आधी मोठे आकडे येतात. तालिबानची पहिली राजवट गेल्यावर भारतानं त्यांच्यासाठी खास शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि पुढे त्या वर्षाला एक हजारापर्यंत नेल्या. पुण्याला काबूल-हेरातच्या मुलांची सवय झाली. कोंढव्यात त्यांच्या चवीचा नान मिळायला लागला. मग १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. त्याच महिन्यात भारतानं देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा एका फटक्यात रद्द केले. कोविडमुळे घरी गेलेली मुलं तिथंच अडकली. प्रवेश पुण्यात, हजेरी मोबाइलवर, वीज असेल तेव्हा. सुरक्षेचं कारण सरकारनं दिलं होतं आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलांना आपण पोर्टलवरून निवडून, तपासून, पैसे देऊन आणलं होतं, तीच मुलं एका सकाळी अनोळखी ठरली. २०२३ मध्ये सांस्कृतिक संबंध परिषदेनं अफगाणांसाठी एक हजार शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या. शिक्षण सीमेपलीकडे पोचलं, मुलं मात्र इकडे येऊ शकली नाहीत.

पासपोर्टचं काम दूतावासाचं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतला अफगाणिस्तानच्या जुन्या प्रजासत्ताकाचा दूतावास बंद झाल्याचं जाहीर झालं. वर्षभरानं, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तालिबाननं मुंबईच्या वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमला. इक्रामुद्दीन कामिल. हे गृहस्थ दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत, भारताच्या शिष्यवृत्तीवर, पीएच.डी. करून गेलेले. तेव्हा त्यांचीही कुठंतरी अशीच एक जाड फाइल असणार.

मुलगा गेला. त्याच्या मागे एक मुलगी होती. तिला काहीच नको होतं, फक्त दुसऱ्या एम.ए.ला प्रवेश मिळेल का ते विचारायचं होतं. पहिलं एम.ए. संपतंय. २० डिसेंबर २०२२ पासून तिच्या देशात मुलींना विद्यापीठाचं दार बंद आहे. परत गेली तर शिकवणार कुठं आणि कुणाला? स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून ती शिकतच राहते. मी तिला विषयांची यादी दिली. तिनं समाजशास्त्रावर खूण केली.

दुपारी १.१५

डबे उघडले. अकाउंट्समधल्या सरांचा प्रश्न दर जुलैत ठरलेला. "आपल्या पोरांना जागा मिळत नाहीत, आणि आपण यांना वाटत सुटलोय."

मीही ठरलेलं उत्तर देते. जागा कुणाची जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर संख्येच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा निर्माण करता येतात. आणि शिष्यवृत्तीवाले सोडले, तर बाकीचे आपल्या मुलांपेक्षा जास्तच फी भरतात.

"ते राहू द्या. पण मिळतं काय? आपल्याकडे शिकून गेलेला एक तरी आपल्या बाजूनं उभा राहिला?"

"करझाई," ग्रंथालयातल्या मॅडम म्हणाल्या.

हे खरं आहे. हमीद करझाई सिमल्याला हिमाचल प्रदेश विद्यापीठात एम.ए. झाले आणि राष्ट्राध्यक्ष असताना, ऑक्टोबर २०११ मध्ये, त्यांनी भारताबरोबर सामरिक भागीदारीचा करार केला. पण त्याच दिल्लीभेटीत, पाकिस्तान आपला जुळा भाऊ आणि भारत थोर मित्र, असंही ते सांगून गेले. सिमल्यातल्या मुक्कामानं त्यांना हिंदी दिली, आठवणी दिल्या. नकाशा काही बदलून दिला नाही.

मग मी शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाईंचं नाव घेतलं. ते ऐंशीच्या दशकात डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत अफगाण कॅडेट होते. पुढे तालिबानचे मोठे नेते झाले. सरांनी घास हातातच धरला. "बघा! हेच म्हणतो मी."

"पुढचं ऐका. ३१ ऑगस्ट २०२१ ला भारत सरकारनं तालिबानशी पहिली जाहीर भेट केली. दोह्यात, आपल्या दूतावासात. समोर कोण होतं? स्तानिकझाई."

डेहराडूनमुळे ती भेट झाली असा दावा मी करत नाही. भेटीचं कारण तिथं अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे होतं. पण शत्रूच्या गोटातही कुणीतरी असं आहे, ज्यानं आपली भाषा ऐकलीय, आपली परेड केलीय, आपल्या मेसचं जेवलंय. अशा वेळी त्याचा उपयोग काय, हे फौजेतल्या माणसाला विचारावं. आणि श्रीलंकेच्या हरिणी अमरसूर्या. नव्वदच्या दशकात दिल्लीच्या हिंदू कॉलेजात समाजशास्त्र शिकल्या आणि २०२४ मध्ये पंतप्रधान झाल्या. त्या ज्या आघाडीच्या आहेत, तिचा मुख्य पक्ष जनता विमुक्ती पेरमुना एकेकाळी भारतविरोधासाठीच ओळखला जायचा.

"म्हणजे," ग्रंथालयातल्या मॅडम डबा बंद करत म्हणाल्या, "शिकवलं नीट. स्वतःच्या डोक्यानं चालायला लागले."

सर हसले, पण पटलं नाही. त्यांना मित्र हवेत. या व्यवहारात मित्र मिळतीलच असं नाही, ओळखीची माणसं मिळतात. शेजाऱ्यांच्या बाबतीत ते कमी आहे असं मला वाटत नाही. मित्राशी बोलायला कुणीही चालतं. अबोला असतो तेव्हा मध्ये ओळखीचा माणूसच लागतो.

दुपारी २.३०

डेक्कनला एका काकूंच्या घरी जायचंय. दोन श्रीलंकन मुलींनी खोली पसंत केलीय आणि काकू अडून बसल्यात. त्यांचा पहिला प्रश्न पोलिसांचा. परदेशी माणूस घरात ठेवला की मालकानं चोवीस तासांत त्याची नोंदणी करायची असते, हे कुणीतरी त्यांना सांगितलंय आणि त्यांनी त्याचा धसका घेतलाय. मी त्यांच्याच मोबाइलवर बसून नोंदणी करून दिली. दुसरा प्रश्न जेवणाचा. "करणार तर नाहीत ना काही?" मी म्हटलं, "काकू, त्या नारळाच्या दुधात डाळ करतात, तुम्हीच त्यांच्याकडे जेवायला जाल." तिसरा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींचा होता. ते जिन्यातच भेटले. त्यांना मुली कुठल्या देशाच्या यापेक्षा दुचाकी कुठं लावणार, याची चिंता जास्त होती.

पुण्यात या कामाची एक जुनी गोष्ट आहे आणि ती घरमालकांना सांगायला मला आवडते. फर्ग्युसन कॉलेजात डॉ. शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका मुलाला जेवण देताना त्यांना दिसली. रेक्टरांना आला तो संशय. चौकशीत कळलं, मुलगा मॉरिशसचा, काविळीनं अंथरुणाला खिळलेला, आणि त्याला विचारणारं इथं कुणी नाही. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणारं केंद्र म्हणून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभं राहिलं. आज त्याचं मोठं विद्यापीठ झालंय. सुरुवात मात्र एका आजारी मुलाच्या डब्यापासून झाली.

काकूंनी गोष्ट ऐकली, डिपॉझिट मात्र कमी केलं नाही. दोन महिन्यांचं म्हणजे दोन महिन्यांचं. पण निघताना मुलींना "रात्री दहाच्या आत या गं" म्हणाल्या. मुलींना मराठी कळलं नाही, सूर कळला. त्यांच्याकडेही आई असंच बोलत असणार.

उद्या या मुली कोलंबोत मोठ्या हुद्द्यावर गेल्या, तर भारत म्हटल्यावर त्यांना परराष्ट्र मंत्रालय आठवेल का? मला वाटतं काकू आठवतील. डिपॉझिट परत दिलं की नाही, तापात काढा करून दिला की नाही. देशाची प्रतिमा वगैरे म्हणतात, तिची किल्ली अशी डेक्कनच्या एका ब्लॉकमध्ये खुंटीला टांगलेली असते.

दुपारी ४.००

ढाक्याहून फोन. तिथं साडेचार. मुलाचा प्रवेश पक्का, फी भरलेली, आणि व्हिसाच्या अर्जाची तारीख मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, त्यानंतर बांगलादेशातली भारताची व्हिसा केंद्रं आधी बंद होती. पुढे उघडली ती मर्यादित कामासाठी, रुग्ण आणि विद्यार्थी आधी. 'विद्यार्थी आधी' हे वाक्य मी त्याला पुन्हा पुन्हा सांगते. तो ऐकून घेतो आणि विचारतो, "मॅडम, वर्ग सुरू झाल्यावर पोचलो तर हजेरीचं काय?"

हे उलट दिशेनंही घडतं. भारतातली हजारो मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी बांगलादेशात जातात, कारण इथल्या खासगी महाविद्यालयांपेक्षा तिकडे खर्च कमी. काश्मीरची आणि ईशान्येची मुलं त्यांत बरीच. ढाका विद्यापीठातून आरक्षणविरोधी आंदोलन पेटलं, तेव्हा तिथं अंदाजे १९,००० भारतीय आणि त्यांत सुमारे ९,००० विद्यार्थी होते, असं परराष्ट्रमंत्र्यांनी ६ ऑगस्ट २०२४ ला संसदेत सांगितलं. त्यांतले बहुतेक जुलैतच परतले होते. म्हणजे ओढून घेण्याची ताकद एकट्या भारताकडे आहे असं नाही. आपला मुलगा ढाक्यात डॉक्टर होतो, बंगाली बोलतो, हिल्सा खायला शिकतो, आणि घरी येतो तो बांगलादेशाबद्दल दोन शब्द बरे बोलणारा माणूस होऊन.

पाकिस्तानच्या बाबतीत तर हे दारच नाही. एप्रिल २०२२ मध्ये अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद यांनी मिळून सांगून टाकलं की, उच्च शिक्षणासाठी पाकिस्तानात जाऊ नका, तिथल्या पदवीवर इथं नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळणार नाही. माझ्या कपाटात त्या देशाची फाइल नाही. सीमेपासून चालता येईल इतकं जवळचं लाहोर, आणि तिथला एकही समवयस्क आपल्या मुलांच्या ओळखीचा नाही.

या सगळ्यांना एका वर्गात बसवण्याचा एक प्रयोग मात्र दिल्लीत चालू आहे. तीच साउथ एशियन युनिव्हर्सिटी. मनमोहन सिंगांनी २००५ च्या ढाका शिखर परिषदेत ही कल्पना मांडली, २०१० मध्ये वर्ग सुरू झाले, सार्कच्या आठही देशांनी पदवी मान्य करायची असं ठरलं. सार्कच्या नेत्यांची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेली नाही. विद्यापीठ अडखळत का होईना, चालतंय.

संध्याकाळी ५.१५

भूतानच्या एका माजी विद्यार्थिनीचा ईमेल. थिंफूत नोकरी करते. तिला सगळ्या सत्रांची ट्रान्स्क्रिप्ट हवीत, सीलबंद पाकिटात, विद्यापीठाच्या शिक्क्यासह. कशाला? ऑस्ट्रेलियात मास्टर्सला अर्ज करायचाय.

भूतान म्हणजे भारतीय शिक्षणाचं सगळ्यात जवळचं आणि जुनं घर. तिथल्या आधुनिक शाळांत सुरुवातीला केरळपासून बंगालपर्यंतचे भारतीय शिक्षक होते. कांगलुंगचं शेरुब्त्से कॉलेज १९८३ पासून दिल्ली विद्यापीठाशी संलग्न होतं. पूर्व भूतानच्या डोंगरात बसून मुलं दिल्लीचे पेपर लिहायची. २००३ मध्ये त्यांचं स्वतःचं रॉयल युनिव्हर्सिटी ऑफ भूतान झालं. आताचे राजे दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजात शिकून गेलेत. इतकं असूनही आजच्या भूतानी तरुणाचं लक्ष पर्थकडे आहे. शिकता शिकता तिथं काम करता येतं, पैसे घरी पाठवता येतात. आपल्याकडे व्हिसावर येणाऱ्यांना ना ते चालतं, ना शिकून झाल्यावर थांबता येतं. आपण मुलाला तीन वर्षं शिकवतो आणि चौथ्या वर्षी निरोप देतो. हे ठरवून केलेलं धोरण असेल तर असो. पण मग चीन, ऑस्ट्रेलिया यांच्याशी बरोबरी करायच्या गप्पा जरा जपून माराव्यात.

ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज पुढे पाठवला. तिच्या एका जुन्या एटीकेटीची नोंदही त्यात जाणार. ईमेलच्या शेवटी तिनं लिहिलंय, आमच्या कॅन्टीनचा वडापाव अजून तसाच आहे का. लाडीगोडी कशी लावायची, हेही ती इथंच शिकली असावी.

संध्याकाळी ६.३०

खिडकी बंद. आता राष्ट्रीय क्रमवारीचा तक्ता भरायचाय. त्यात विविधतेचे ३० गुण असतात. इतर राज्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी २५, इतर देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी ५. मी रकान्यात आमची संख्या भरते. नेपाळचा मुलगा एक, अफगाण मुलगी एक, श्रीलंकेच्या मुली दोन. ढाक्याचा मुलगा पोचला तर एक, नाही पोचला तर शून्य. कोण कुठल्या देशाचं, त्या देशाशी आपलं यंदा कसं चाललंय, हे विचारणारा रकाना नाही. नसलेलाच बरा.

त्यानंतर प्राचार्यांसाठी एक टिपण लिहिलं. मागण्या तीन. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह आणि मेस चालू ठेवा, घरी जाऊ न शकणारी मुलं रस्त्यावर येतात. शिष्यवृत्ती उशिरा आली तर तेवढ्यापुरता विलंब आकार लावू नका. आणि तिसरी, दोन देशांचं बिनसून एखादा विद्यार्थी वेळेत पोचू शकला नाही, तर त्याचा प्रवेश एक वर्ष राखून ठेवा.

पहिल्या दोन मान्य होतील. तिसरीला अकाउंट्समधले सर हरकत घेतील, जागा अडकते म्हणतील, आणि नियमांच्या बाजूनं ते बरोबरही असतील. पण मी ती सोडणार नाही. संबंध बरे असतात तेव्हा शिष्यवृत्त्या कुणीही वाटतं, फोटोही निघतात. खरी परीक्षा भांडणाच्या वर्षी होते. त्या वर्षी आपण शेजारच्या मुलाचं नाव हजेरीपटावरून काढलं, तर वीस वर्षांनी तिकडच्या एखाद्या खुर्चीवर भारताला फक्त ऐकून ओळखणारा माणूस बसलेला असेल. त्याच्याशी बोलणी करायला मग आपलेच लोक जातील, आणि त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.